टर्बो पेट्रोल गाडीचं ऑइल निवडताना ट्रॅक्टरची बादली दूर ठेवा

आमच्या सपरीत बारा महिने एक निळी बादली असते. ट्रॅक्टरच्या इंजिन ऑइलची, २० लिटरची, १५डब्ल्यू-४०. विहिरीवरचं डिझेल इंजिन असो, दाराची बिजागरी असो की बंडीचा आख, घरात काहीही कुरकुरलं की आधी ती बादली आठवते.

२०२२ च्या दिवाळीत मला टर्बो पेट्रोल गाडी घेऊन चार महिने झाले होते. भाऊबीजेला ताईकडे परतवाड्याला जायचं होतं. मोठ्या बाबांनी पहाटे उठून, मला बरं वाटावं म्हणून, गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहिली. गाडी अंगणाच्या उतारावर उभी. पट्टीवर ऑइल कमी दिसलं. मग काय, बादली उघडली. "तेल सरत आलं होतं रे, टाकून देल्लं लिटरभर," असं त्यांनी मोठ्या समाधानानं सांगितलं. मीही मान डोलावली. ऑइल म्हणजे ऑइल, एवढंच तेव्हा मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालो. गाडीत पाच माणसं, डिक्कीत फराळाचे डबे. घाटात गियर खाली घ्यायचा आळस केला, चौथ्यातच ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. बॉनेटखालून 'टक्' असा आवाज आला, पत्र्यावर गोटा मारल्यासारखा. थोड्या वेळानं पुन्हा. परतताना अमरावतीला ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी सपाट जागी लावली आणि दहा मिनिटं थांबून पट्टी पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. त्यानं ते सगळं काढून टाकलं, आणि माझ्याच गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. प्लास्टिकच्या पिशवीतून ते तोवर बाहेरही आलं नव्हतं.

इंजिन वाचलं. पण त्यानंतर हा विषय मी मुळापासून समजून घेतला, आणि आता कारंजा लाडच्या आसपास कुणी टर्बो गाडी घेतली की मलाच फोन येतो. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

१. आधी गाडीचं इंजिन ओळखा

'टर्बो' हा शब्द गाडीच्या पाठीवर लिहिलेला असतो, पण त्यानं अर्धीच गोष्ट कळते. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. डायरेक्ट इंजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे. त्यात पेट्रोल व्हॉल्वच्या आधी न फवारता थेट सिलेंडरमध्ये फवारतात. दोन्ही एकत्र आली की ऑइलची परीक्षा सुरू होते.

ह्युंदाई आणि कियाच्या गाड्यांवर 'टी-जीडीआय', स्कोडा आणि फोक्सवॅगनवर 'टीएसआय', मारुती फ्रॉन्क्समध्ये 'बूस्टरजेट', महिंद्राच्या पेट्रोल गाड्यांवर 'टीजीडीआय' असं लिहिलेलं असेल तर ती दोन्हीवाली. याउलट टाटा नेक्सॉनचं १.२ पेट्रोल आणि निसान मॅग्नाइटचं टर्बो इंजिन टर्बो आहेत, पण त्यांत पेट्रोल जुन्याच पद्धतीनं, बाहेर फवारलं जातं. महिंद्राच्या ३एक्सओमध्ये तर एकाच गाडीत दोन्ही प्रकारची १.२ लिटर टर्बो इंजिनं मिळतात. म्हणून "माझ्या साळ्याकडे हीच गाडी आहे, तो अमुक टाकतो" यावर जाऊ नका. साळ्याचं इंजिन वेगळं असू शकतं.

२. ही इंजिनं ऑइलच्या बाबतीत एवढी नखरेल का

हा भाग थोडा लांब आहे, पण तो समजला की पुढचं सगळं आपोआप समजतं.

टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो. इतक्या वेगात तो धातूवर टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनचा ९०० अंशांच्या आसपासचा धूर आदळत असतो. गाडी जोरात पळवून आणली आणि लगेच चावी फिरवून बंद केली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो, पण ती उष्णता कुठं जात नाही. तिथं अडकलेलं ऑइल जळून कडक काळा थर बनतं. कढईच्या बुडाला खरवड धरते तसं. तो थर ऑइलची बारीक वाट बुजवत जातो, आणि एक दिवस मेकॅनिक म्हणतो, "टर्बो गेला भाऊ." साधं मिनरल ऑइल या तापात लवकर हार मानतं. सिंथेटिकची शिफारस होते ती मुख्यतः याच कारणानं.

दुसरं, डायरेक्ट इंजेक्शन. गाडीच्या टायरात हवेचा दाब साधारण सव्वादोन बार असतो. या इंजिनात पेट्रोल २०० ते ३५० बार दाबानं फवारलं जातं. त्यातलं थोडं सिलेंडरच्या भिंतीवर बसतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेल्या, ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं. पण गावातून बाजारात सहा किलोमीटर, बाजारातून बँकेत एक किलोमीटर, असं रोज चाललं तर ऑइल तापायलाच वेळ मिळत नाही. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही तापलं असं नसतं, ते बरंच मागून तापतं. मग ऑइलमध्ये पेट्रोल साचत जातं, ऑइल पातळ होतं, आणि पट्टीवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते! नवखा माणूस यावर खूश होतो की गाडी ऑइल खात नाही.

तिसरं म्हणजे माझ्या घाटातला तो 'टक्'. इंजिन कमी फेऱ्यांवर फिरत असताना, जड गियरमध्ये, पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरखाली या इंजिनांत स्पार्क पडायच्या आधीच पेट्रोल पेट घेऊ शकतं. इंग्रजीत त्याला एलएसपीआय म्हणतात, म्हणजे कमी वेगावरचं अवेळी पेटणं. सिलेंडरच्या कडेला जमलेला ऑइल आणि पेट्रोलचा थेंब ठिणगीचं काम करतो. जोराचा झटका बसला तर पिस्टनला तडा जातो. आणि इथंच ऑइलचं रसायन आडवं येतं. इंजिन साफ ठेवायला ऑइलमध्ये जो कॅल्शियमचा घटक घालतात, तो या अवेळी पेटण्याला हातभार लावतो असं दिसून आलं. म्हणून नव्या ऑइलमध्ये कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलेलं असतं. डिझेल ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये हे सफाईचे घटक भरपूर असतात, कारण डिझेलची काजळी सांभाळायची असते. आता कळलं असेल, मोठ्या बाबांची लिटरभर माया कुठं जाऊन लागली. त्यात माझा आळस, चौथा गियर. दोन चुका एकाच घाटात भेटल्या.

याशिवाय टायमिंग चेन आहे, व्हॉल्व वेळेवर उघडझाप करवणारी साखळी. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात बारीक काजळी तयार होते आणि ती चेन झिजवते. नव्या ऑइलच्या चाचण्यांत चेनची झीज वेगळी मोजतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

३. कागद आणि सामान जमवा

दुकानात जायच्या आधी हे हाताशी ठेवा:

– गाडीचं मालकाचं पुस्तक. हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळतं. आपल्याच मॉडेलचं, आपल्याच वर्षाचं आणि भारतातलंच उतरवा.
– आरसी. त्यावर इंजिन नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतो.
– सर्व्हिस बुक आणि वॉरंटीचे कागद.
– मागच्या सर्व्हिसिंगचं बिल किंवा जॉब कार्ड.
– मोबाइल. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढायला, आणि अक्षरं मोठी करून वाचायला.

पुस्तकात शेवटाकडे 'शिफारस केलेली वंगणं आणि प्रमाण' अशा अर्थाचं पान असतं. त्यातल्या तीन गोष्टी वहीत उतरवा: जाडीचा आकडा (उदा. ५डब्ल्यू-३०), दर्जाचं नाव (उदा. एपीआय एसपी, किंवा कंपनीचा स्वतःचा कोड), आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं. छोट्या १ लिटर टर्बो इंजिनांना साधारण साडेतीन ते साडेचार लिटर लागतं, पण अंदाजावर जाऊ नका, पुस्तकात पॉइंटसकट लिहिलेलं असतं.

४. "आपल्याकडं तापते, जाड टाका" याला बळी पडू नका

आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर सहज जातो. नवतपा लागला की दुपारी बकरीसुद्धा निंबाखालून हलत नाही. त्यामुळे जो तो मेकॅनिक हेच सांगतो: "पातळ तेल हे थंड्या मुलखातलं हाय बाप्पा, आपल्या उनात कुठं टिकते! २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन गपगार चालते."

ऐकायला पटतं. पण आकड्यांचा अर्थ पाहा. ५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल कडाक्याच्या थंडीत किती वाहतं ते सांगतो. ५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंश झालं की शेकोट्या पेटतात, त्यामुळे हा आकडा आपल्याला तसा जाचत नाही. दुसरा आकडा, तो ३०, १०० अंशांवरची जाडी सांगतो. म्हणजे तापलेल्या इंजिनातली. आणि तापलेल्या इंजिनातलं ऑइल नागपुरात असो की नैनितालला, साधारण त्याच तापमानाला असतं, कारण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्याला तिथं धरून ठेवतात. बाहेर ४६ आहे म्हणून आत ३० चं २० होत नाही.

मग जाड टाकलं तर बिघडतं काय? इंजिन सुरू केल्यावर टर्बोपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. व्हॉल्वची वेळ मागे-पुढे करणाऱ्या बारीक सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांना, ते जड जातं. ॲव्हरेज घटतं. आवाज गपगार झाला हे खरं, पण तो आराम नव्हे, जाड ऑइलनं दाबलेला आवाज असतो.

काही पुस्तकांत बाहेरच्या तापमानाप्रमाणे कोणते आकडे चालतात याचा तक्ता असतो. त्यात ४० अंशांच्या पुढच्या पट्ट्यात ५डब्ल्यू-३० च्या सोबतीनं ५डब्ल्यू-४० दिलेलं असेल, तर उन्हाळ्यात भरलेल्या गाडीनं समृद्धीवर लांबचं पळवणाऱ्यानं ते निवडायला हरकत नाही. पुस्तकात फक्त ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असेल, तर ०डब्ल्यू-२० च. पंप, ऑइलच्या वाटा, बेअरिंगची फट, सगळं त्याच्या हिशेबानं बनवलेलं असतं.

५. डबा उलटा करून वाचा

सगळ्या लेखातलं एकच काही पाळणार असाल तर हे पाळा. डब्याच्या पुढच्या बाजूला गाडी, आग आणि सोनेरी अक्षरं असतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत खरं असतं.

एपीआय ही अमेरिकेतली संस्था. पेट्रोल इंजिनासाठी तिची अक्षरं 'एस'नं सुरू होतात आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसएन २०१० मध्ये आला. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनच्या त्या अवेळी पेटण्यावर पहिला इलाज म्हणून मे २०१८ मध्ये एसएन प्लस आला. मे २०२० मध्ये एसपी आला, त्यात चेनच्या झिजेची चाचणीही जोडली गेली. मार्च २०२५ पासून एसक्यू आला आहे. माझं सरळ मत: डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी असेल तर एसएन प्लसच्या खाली उतरू नका, आणि एसपी किंवा एसक्यू मिळत असेल तर तेच घ्या. नुसतं एसएन, एसएम, एसएल लिहिलेलं ऑइल तालुक्याच्या दुकानात आजही धूळ खात पडलेलं असतं आणि "सिंथेटिक आहे ना भाऊ" म्हणून खपवलं जातं. सिंथेटिक असेलही, पण आपल्या इंजिनाचं दुखणं त्यात धरलेलंच नाही.

आयएलसॅक (अमेरिकी-जपानी गाडी कंपन्यांची समिती) जीएफ-६ए हा एसपीच्याच काळातला जोडीदार दर्जा आहे. एसपीसोबत तोही दिसला तर चांगलंच. जीएफ-६बी मात्र फक्त ०डब्ल्यू-१६ या फार पातळ ऑइलसाठी आहे. पुस्तकात ते मागितलं नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

युरोपातल्या गाड्यांना एसिया नावाची वेगळी पद्धत लागते: सी२, सी३, सी५, सी६ वगैरे. सी३ तापलेल्या, दाबलेल्या ठिकाणीही जाडसर थर राखतं, सी५ त्याहून पातळ. सी६ मध्ये अवेळी पेटण्याची चाचणीही आहे. त्याच्याही वर गाडी कंपन्यांचे स्वतःचे कोड असतात. फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांना ५०४ ००, ५०८ ०० असे आकडे पुस्तकात दिसतील. असा कोड दिलेला असेल तर एपीआयपेक्षा त्याला मान. तोच कोड डब्यावर सापडला पाहिजे.

आता सापळा. डब्यावर दोन प्रकारे लिहितात. 'अप्रूव्ह्ड' किंवा 'अप्रूव्हल' लिहिलं असेल तर गाडी कंपनीनं ते ऑइल तपासून मान्य केलं आहे. 'मीट्स', 'सूटेबल फॉर', 'रेकमेंडेड फॉर' लिहिलं असेल तर ते ऑइल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं आहे. लग्न ठरलंय आणि बोलणी चालू आहेत, यात जेवढा फरक तेवढाच. वॉरंटीतल्या गाडीला पहिल्या प्रकारचंच घ्या.

६. 'फुली सिंथेटिक' या शब्दाला फार भाव देऊ नका

मूळ तेलाचे पाच गट मानतात. पहिले दोन म्हणजे साधं मिनरल. तिसरा गट कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजनच्या साहाय्यानं कडक प्रक्रिया करून काढलेला. चौथा म्हणजे प्रयोगशाळेच्या धाटणीनं रेणू जुळवून बनवलेला पीएओ, पाचव्यात एस्टर वगैरे उरलेले. तिसऱ्या गटाचं ऑइलही डब्यावर 'फुली सिंथेटिक' म्हणून विकलं जातं, आणि ते वाईट नसतं. 'सेमी' म्हणजे नेमकं किती टक्के, हे डबा सांगत नाही. म्हणून शब्द सोडा, पाचव्या पायरीतला कोड पाहा. कोड बरोबर असला की तेल त्या चाचण्यांतून गेलेलं असतं, मग ते तिसऱ्या गटाचं असो की चौथ्या.

७. डुप्लिकेटपासून वाचा

इथं मी स्वतः एकदा फसलोय. आठवडी बाजाराच्या दिवशी, घाईत, एका दुकानातून नामांकित ब्रँडचा डबा तीनशे रुपये स्वस्त मिळाला म्हणून उचलला. घरी झाकण उघडलं तर खालची चांदीची पट्टी एका कडेनं सुरकुतलेली, इस्त्री फिरवल्यासारखी. डब्याच्या बुडाला जुन्या ऑइलचा डाग होता. बिल मागितलंच नव्हतं, मग भांडणार कशावर? तो डबा अजून बंडीच्या आखाला पुरतोय.

नकली माल बहुतेक वेळा खऱ्या डब्यातच येतो. गॅरेजमधले रिकामे डबे भंगारात जातात, तिथून ते पुन्हा भरून निघतात. तेव्हा:

– झाकणाची कडी तुटलेली आहे का, आणि आतली चांदीची पट्टी सगळीकडून सारखी चिकटली आहे का, पाहा. दुकानदारासमोरच उघडून पाहायला लाजू नका.
– डब्यावरचा बॅच नंबर आणि बनवल्याची तारीख खरवडलेली, पुसट किंवा वेगळ्या शाईची नको.
– क्यूआर कोड किंवा खरवडून दिसणारा आकडा असेल तर दुकानातच स्कॅन करा. एकदा वापरलेला कोड असेल तर बऱ्याच कंपन्यांचं पान तसं सांगतं.
– जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर ऑइलचं पूर्ण नाव आणि जाडी. 'इंजिन ऑइल ४ लि.' एवढंच लिहिलेलं बिल वॉरंटीच्या वेळी कामाचं नाही.
– ऑइल संपलं की डब्याला खिळ्यानं दोन भोकं पाडूनच भंगारात द्या. आपल्या डब्यातून दुसऱ्याला फसवू नये.

सुटं, पिंपातून मापानं देतात ते ऑइल या गाडीला कधीच नको. सर्व्हिस सेंटरमध्येही पिंपातून भरतात, ते वेगळं. पण तिथंही जॉब कार्डावर ऑइलचं नाव आणि दर्जा लिहून मागा. नुसतं '५डब्ल्यू-३०' लिहिलं तर विचारा, एसएन की एसपी? सर्व्हिस ॲडव्हायझर जरा त्रासून पाहतो. पाहू द्या.

८. बदलताना समोर उभे राहा

वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच सेंटरला जा, दूर असलं तरी. आमच्याकडून अकोला किंवा अमरावती, एक दिवस मोडतो. वॉरंटी संपल्यावर विश्वासाच्या मेकॅनिककडे स्वतः ऑइल नेऊन बदललं तरी चालतं. त्याला लागतं: नटाच्या मापाचा पाना, फिल्टर काढायचं साधन, रुंद ट्रे, नरसाळं, स्वच्छ कापड (सुताचा गोळा नको, त्याचे तंतू आत जातात), आणि चेंबरच्या नटाचा नवा वॉशर. वॉशर दहा-वीस रुपयांचा असतो, पण तोच जुना घालून पुढे थेंब-थेंब गळणाऱ्या गाड्या मी किती पाहिल्या.

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट झालेलं असू द्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही, खाली पक्के स्टँड किंवा गॅरेजचा खड्डा हवा. जुनं ऑइल पूर्ण गळू द्या, घाई नको. फिल्टर दर वेळी नवा आणि गाडीच्या मापाचा. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ऑइल अडवून ठेवणारी रबरी झडप कच्ची असते. रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी टर्बो काही क्षण कोरडा फिरतो.

पुस्तकात लिहिलेल्या मापापेक्षा पाव-अर्धा लिटर कमीच ओता, मग पट्टी पाहत वाढवा. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, नवं ऑइल टर्बोपर्यंत चढायचं असतं. मग बंद करून, सपाट जागी, दहा मिनिटांनी पट्टी: दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ, पण वर नाही. जास्त ऑइल क्रँकशाफ्टनं घुसळलं जातं, ताकासारखा फेस येतो, आणि फेसात टर्बो तरंगत नाही.

"इंजिन फ्लश मारू का? वरून हे ॲडिटिव्ह टाकू का?" असं विचारलं जाईल. नको म्हणा. ज्या ऑइलला दर्जाचा शिक्का आहे त्यात काय किती घालायचं ते बनवणाऱ्यानं मोजून घातलेलं असतं.

९. किती किलोमीटरनं बदलायचं

पुस्तकात १०,००० किमी किंवा १ वर्ष लिहिलेलं असतं, काही कंपन्यांचं १५,००० किमी. पण त्याच्याच खाली किंवा पुढच्या पानावर 'खडतर वापर' असा एक तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही. धूळ, फार उष्णता, सारखे छोटे फेरे, इंजिन चालू ठेवून उभं राहणं, जड ओझं. वाचताना मला वाटलं, आमच्या गावाचंच वर्णन केलंय. खडतर वापरात बहुतेक ठिकाणी अंतर अर्ध्यावर आणलेलं असतं. मी ५,००० ते ६,००० किमीला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलतो. ज्याची गाडी मुख्यतः समृद्धीवर नागपूर-संभाजीनगर अशी पळते, त्यानं इतकी घाई करायची गरज नाही. लांबच्या एकसलग चालीत ऑइल नीट तापतं आणि त्यातलं पेट्रोल उडून जातं.

एअर फिल्टर मात्र सोयाबीन काढणीनंतर हमखास पाहा. थ्रेशरच्या बाजूनं, पांदण रस्त्यानं दोन महिने गाडी गेली की त्यात किती भुसा आणि माती असते ते एकदा झटकून पाहाच. ती धूळ आत गेली तर कितीही महागाचं ऑइल तिच्यापुढं हात टेकतं.

दर पंधरवड्याला सकाळी, गाडी थंड असताना, पट्टी काढा. पातळी तर पाहाच, पण नाकाशीही न्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी वाढत असेल, तर किलोमीटर न बघता ऑइल बदला. हिवाळ्यात छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर, सायीसारखा थर दिसतो. तो बहुतेक वेळा ओलाव्याचा असतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं, त्यामुळे हे जास्त दिसेल. आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्यानं चालवली की जातो. तरीही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र मेकॅनिक गाठा.

आणि गाडी बंद करायची रीत. गावात शिरताना आपण आपोआप हळू येतो, तेवढ्यात टर्बो निवतो. समृद्धीवरून इंटरचेंजला उतरून टोलवर आलो तरी तेच. अडचण येते ती १२० नं येऊन थेट महामार्गावरच्या पंपावर किंवा हॉटेलापुढं चावी फिरवण्यात. तिथं मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, पोरांच्या चपला सापडेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

वाटेत ऑइल खालच्या खुणेपर्यंत आलं आणि आपलं ऑइल मिळत नसेल, तर त्याच जाडीचं एसपी किंवा एसएन प्लस कोणत्याही ब्रँडचं अर्धा लिटरपर्यंत टाकून पुढं जा. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मी डिक्कीत एक लिटरचा बंद डबा ठेवतो, जुन्या टॉवेलात गुंडाळून.

१०. डिझेलवाल्यांसाठी थोडकं

आपल्याकडच्या बहुतेक जीप आणि पिकअप डिझेलच्या, आणि आजचं प्रत्येक डिझेल टर्बोही असतं, डायरेक्ट इंजेक्शनही. तिथं अवेळी पेटण्याची भानगड नाही, पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला धुरात डीपीएफ नावाची जाळी असते. जळलेल्या ऑइलची राख त्या जाळीत कायमची बसते, ती काजळीसारखी जळून जात नाही. म्हणून राख कमी देणारं ऑइल लागतं: एसिया सी२ किंवा सी३, किंवा पुस्तकात लिहिलं असेल तर एपीआय सीके-४. ट्रॅक्टरचं जुन्या दर्जाचं ऑइल इथंही नको. छोट्या फेऱ्यांत जाळी साफ करायचा जळण-फेरा अर्धवट राहिला की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, त्यामुळे पातळी वाढते का ते इथंही पाहायचंच.

११. निघालेलं जळकं ऑइल

ते मेकॅनिककडेच ठेवा, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याला तो देतो. घरी आणलंच तर झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुढच्या वेळी परत न्या. विहिरीजवळ, वावरात किंवा नालीत ओतू नका. बैलाच्या जखमेवर जळकं ऑइल लावायची जुनी सवय आमच्याकडंही होती. त्यात पेट्रोल, धातूचा कीस आणि जळलेली रसायनं असतात, आणि बैल ते चाटतो. जखमेला गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा. आमच्या निळ्या बादलीवर मोठ्या बाबांनी पांढऱ्या पेंटनं 'फक्त ट्रॅक्टर' लिहून ठेवलंय, आणि तिच्या शेजारी माझ्या गाडीचा कोड.